वल्ह्यावरचा हात : मकावच्या होडीवाल्या स्त्रिया आणि जॉर्ज चिनरीची रेखाटने



स्मृतिव्याख्यानासाठी चित्रकलेतील विषय घ्यावयाचा म्हटले की सहसा महान चित्रांची नावे डोळ्यांसमोर येतात. आज मी आपल्यासमोर मांडणार आहे तो विषय महान चित्रांचा नाही. तो आहे हाताएवढ्या कागदांवर पेन्सिलीने घाईघाईत काढलेल्या रेखाटनांचा. ही रेखाटने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे युरोपीय कलेत ज्याला स्वच्छंदतावादाचा काळ म्हणतात त्या काळातील आहेत. ती काढणारा चित्रकार इंग्रज होता, स्थळ चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाव हे पोर्तुगीज बंदर होते, आणि त्यांतील माणसे म्हणजे होड्या वल्हवून पोट भरणाऱ्या स्त्रिया. या रेखाटनांतून एक साधी पण महत्त्वाची गोष्ट शिकता येते. कष्ट करणारी स्त्री चित्रात आली म्हणजे तिचे कष्टही चित्रात आले, असे होत नाही. कधी कधी चित्र जसजसे पूर्ण होत जाते, तसतसे कष्ट त्यातून पुसले जातात.

मकाव आपल्याला वाटते तितके परके नाही. पोर्तुगीजांनी १५५७च्या सुमारास तेथे वसाहत केली आणि पुढे जवळजवळ तीन शतके तिचा कारभार गोव्याच्या अधिपत्याखाली चालला. १८४४ साली मकाव गोव्यापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळे करण्यात आले, आणि २० डिसेंबर १९९९ रोजी ते चीनच्या स्वाधीन झाले. म्हणजे आपला चित्रकार मकावात उतरला, तेव्हा तेथील सत्तेचे वरिष्ठ ठाणे पणजीत होते. व्यापाराचे नाते त्याहून गुंतागुंतीचे होते. माळव्यात पिकणारी अफू मुंबईहून, आणि इंग्रजांची जकात चुकवावयाची असेल तर पोर्तुगीजांच्या दमणहून, चीनकडे रवाना होत असे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा मकावात इतका राबता होता की १८२९ साली तेथे त्यांची स्वतंत्र दफनभूमी झाली. जहाजातून किनाऱ्यावर येणाऱ्या या साऱ्या मंडळींना शेवटचा पल्ला मात्र एका लहानशा होडीतूनच गाठावा लागे, आणि त्या होडीचे वल्हे बहुधा एखाद्या स्त्रीच्या हाती असे.

चित्रकाराचे नाव जॉर्ज चिनरी. १७७४ साली लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात सुलेखनाचा व्यासंग होता, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवावी. रॉयल अकादमीच्या शाळेत शिक्षण घेऊन त्याने काही वर्षे डब्लिनमध्ये व्यवसाय केला आणि १८०२च्या अखेरीस तो मद्रासला आला. पुढे कलकत्ता, ढाका आणि पुन्हा कलकत्ता असा त्याचा मुक्काम हलत राहिला. ढाक्यात चार्ल्स डॉयली हा कंपनीचा अधिकारी त्याचा शिष्य झाला. कलकत्त्यात न्यायाधीश आणि अधिकारी यांची व्यक्तिचित्रे काढून त्याने पैसा पुष्कळ मिळवला, पण कर्ज त्याहून अधिक केले. सावकारांना टाळण्यासाठी काही काळ त्याने डेन्मार्कच्या ताब्यातील सेरामपूरचा आश्रय घेतला, आणि १८२५ साली त्याने थेट मकाव गाठले. पत्नी मागे कलकत्त्यातच राहिली. कँटन शहरात परदेशी स्त्रियांना प्रवेश नव्हता. पत्नी मकावला आलीच तर आपण कँटनला पळू, असा विनोद तो करीत असे, असे त्याच्या मित्रमंडळींनी नमूद केले आहे. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मकावात आलेला हा गृहस्थ पुन्हा कधी भारतात किंवा युरोपात परतला नाही. ३० मे १८५२ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

चिनरीच्या कामाचे दोन भाग पडतात. एक भाग पोटापाण्याचा. हौक्वा हा कँटनचा धनाढ्य व्यापारी आणि रॉबर्ट मॉरिसन हा बायबलचा चिनी अनुवाद करणारा धर्मोपदेशक अशा मातब्बरांची तैलचित्रे त्याने काढली. त्या चित्रांतील माणसांना नावे आहेत, पदे आहेत, आणि त्यांचे चरित्र आपल्याला ग्रंथांत सापडते. दुसरा भाग त्याने स्वतःसाठी केलेल्या रेखाटनांचा. सकाळच्या पहिल्या प्रहरी कागद आणि पेन्सिल घेऊन तो रस्त्यांवर व धक्क्यावर हिंडे. न्हावी, लोहार, जुगार खेळणारे हमाल, फेरीवाले, डुकरे, देवळांचे उंबरठे असे सारे त्याने कागदावर उतरवले. भारतात असताना पाण्याला निघालेल्या, डोक्यावर वा कमरेवर घडा घेतलेल्या बायका त्याने काढल्या होत्या. मकावात त्याच नजरेला पाण्यावर राबणाऱ्या स्त्रिया दिसल्या आणि सत्तावीस वर्षांत तो या विषयाकडे पुनःपुन्हा वळला.

या स्त्रिया कोण होत्या? दक्षिण चीनच्या नद्यांवर आणि किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या होड्यांतच राहणारा एक समाज होता. किनाऱ्यावरचे लोक त्याला 'तांका' म्हणत. या नावात तुच्छतेची छटा असल्याने आज त्याऐवजी 'पाण्यावरचे लोक' असा शब्द वापरला जातो. येथेही मी शक्य तेथे 'होडीवाले' हाच शब्द वापरतो. जन्म, लग्न, बाळंतपण, मरण सारे होडीत. जमिनीवर घर बांधण्यास त्यांना अटकाव होता, राजदरबारच्या परीक्षांची दारे त्यांना बंद होती आणि किनाऱ्यावरचे कुलीन त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. १७२९ साली युंगचंग बादशहाने त्यांना किनाऱ्यावर राहण्याची मुभा देणारा हुकूम काढला, परंतु हुकुमाने समाजाचे मन बदलत नाही, हे आपल्याकडील अनुभवावरूनही आपण जाणतो. त्यांच्या स्त्रियांचे पाय बांधलेले नसत. त्या काळच्या चीनमध्ये बांधलेले पाय ही प्रतिष्ठेची खूण होती आणि मोकळे पाय ही हलकेपणाची. पण डुलणाऱ्या होडीत उभे राहून वल्हे मारावयाचे तर पाय मोकळेच हवेत. समाजाने ज्याला कमीपणा मानला, तेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते.

मकावच्या होड्यांवर स्त्रियाच का, याला भूगोल कारण आहे. 'प्राया ग्रांदे' हा तेथील अर्धचंद्राकृती किनारा दिसावयास देखणा, पण उथळ. मोठी जहाजे दूर समुद्रात नांगर टाकीत. माणसे आणि सामान किनाऱ्याला आणण्यासाठी लहान होड्या लागत. पुरुष मासेमारीला वा मोठ्या गलबतांवर जात आणि ही ने-आण मुख्यतः बायका करीत. होडी आखूड, रुंद, आणि मधोमध बांबूच्या चटईचे गोल छप्पर. त्या छपराखाली उतारूही बसत आणि त्याच छपराखाली रात्री कुटुंब झोपे. एक बाई नाळेकडे उभी राहून पुढचे वल्हे मारी, दुसरी मागचे. तान्हे मूल चौकोनी कापडात पाठीशी बांधलेले असे. रांगत्या मुलाच्या पाठीला हलके लाकूड किंवा वाळका भोपळा बांधत, म्हणजे ते पाण्यात पडलेच तर तरंगावे.

मागच्या वल्ह्याची रचना समजून घेतल्याशिवाय चिनरीच्या रेखाटनांतील गुण कळणार नाही. हे वल्हे लांब असते आणि ते पाण्याबाहेर काढावे लागत नाही. होडीच्या मागच्या कडेवर एका खुंटीवर ते टेकवलेले असते आणि त्याच्या मुठीजवळून एक दोरी खाली तळफळीला बांधलेली असते. वल्हवणारी स्त्री मूठ कधी स्वतःकडे खेचते, कधी दूर ढकलते. प्रत्येक वेळी पाते पाण्यात तिरपे होते आणि खेचतानाही होडी पुढे जाते, ढकलतानाही. येथे केवळ दंडाचे बळ पुरत नाही. सारे अंग एका लयीत पुढेमागे झुलवावे लागते. भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो, कंबर वळते, खांदा मागाहून येतो. चिनरीने नेमके हेच टिपले आहे. चेहरा कित्येकदा टोपीच्या सावलीत हरवलेला, दोनतीन रेघांत संपवलेला. पण टाच कोठे टेकली आहे, गुडघा किती वाकला आहे, मुठीवर दोन्ही हात एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, याची रेघ त्याने पुनःपुन्हा दुरुस्त केलेली दिसते. एकाच कागदावर तीच आकृती तीन-चारदा येते आणि प्रत्येक वेळी तोल थोडा वेगळा असतो.

या कागदांच्या कडेला आणखी एक गोष्ट आढळते. तेथे बारीक, वेटोळ्या अक्षरांत काही खुणा आहेत. ती सजावट नाही, चिनी अक्षरेही नाहीत. ते आहे गर्नी पद्धतीचे शॉर्टहॅन्ड. अठराव्या शतकात टॉमस गर्नी याने रूढ केलेली ही लघुलिपी. इंग्लंडमध्ये न्यायालये आणि संसद यांतील कामकाज टिपण्यासाठी ती वापरली जाई आणि चार्ल्स डिकन्सही वार्ताहर असताना तीच शिकला होता. चिनरीने ती आपल्या खाजगी टिपणांसाठी वापरली. अभ्यासकांनी ही टिपणे पुढे उलगडली, तेव्हा त्यांत तारखा निघाल्या, रंगांच्या सूचना निघाल्या, आणि 'हे बरोबर आहे', 'हे बदलावयास हवे' अशा स्वतःच्याच कामावरच्या शेऱ्यांची भर निघाली. एखाद्या काटेकोर शिक्षकाने विद्यार्थ्याची वही तपासावी, तसा हा मनुष्य स्वतःचे कागद तपासत होता. वल्हवणारीचा हात चुकला तर त्याला चैन पडत नसे. ज्या समाजाच्या कष्टांची दखल घेण्याचे कोणाला कारण वाटत नव्हते, त्याच्या कष्टांची अचूकता हा या कागदांवर चिंतेचा विषय झाला आहे. माझ्या मते या रेखाटनांचे मोल येथे आहे.

आता ज्या काळात हे घडत होते त्या काळाची अभिरुची पाहू. स्वच्छंदतावादाने सामान्य माणसाला कलेत स्थान दिले, असे आपण शिकतो आणि ते खरेही आहे. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्‌स' हा संग्रह १७९८चा. त्यात खेड्यातील साधी माणसे कवितेचा विषय झाली. स्पेनमध्ये गोयाने १८०८ ते १८१२च्या दरम्यान पाणी वाहणाऱ्या एका स्त्रीचे चित्र रंगवले. ते आज बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे. हातात पाण्याची भांडी घेतलेली ती स्त्री खालच्या बाजूने पाहिल्यासारखी, एखाद्या पुतळ्यासारखी भव्य रंगवली आहे. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढणाऱ्यांना पाणी पाजणाऱ्या स्त्रियांशी अनेक अभ्यासक ते चित्र जोडतात. पण याच काळाच्या अभिरुचीत दुसराही एक प्रवाह होता. निसर्गदृश्य कसे पाहावे आणि कसे रेखाटावे याचे धडे इंग्लंडच्या सुशिक्षित वर्गाला देणारा विल्यम गिल्पिन हा धर्मोपदेशक होता. १७८६च्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने असे मत मांडले आहे की, नीतीच्या दृष्टीने कामात गढलेला कारागीर श्रेष्ठ खरा, परंतु चित्ररम्यतेच्या दृष्टीने रेंगाळत बसलेला खेडूतच अधिक शोभतो. म्हणजे चित्रात गरीब माणूस असावा, पण तो काम करीत नसावा. कष्टाने दृश्याची शांती बिघडते. पाहणाऱ्याला गरिबी रम्य वाटावी, तिचे ओझे मात्र वाटू नये.

हा नियम ध्यानात ठेवून चिनरीची तैलचित्रे पाहिली की फरक लख्ख दिसतो. होडीवाल्या स्त्रीची जी चित्रे त्याने घरांत टांगण्याजोगी पूर्ण केली, त्यांत ती बहुधा किनाऱ्यावर निवांत उभी आहे. डोक्याला लाल रुमाल, कारण चित्रात कोठेतरी लालभडक ठिपका असावा ही चिनरीची आवड होती. निळा अंगरखा, अनवाणी पाय, मागे मकावचा उपसागर, आणि चेहऱ्यावर हलके स्मित. होडी मागे कोठेतरी उभी. वल्हे हातातून सुटलेले. चित्र सुरेख आहे यात शंका नाही. पण त्यात ती स्त्री वाट पाहते आहे, आणि पाहणाऱ्याला वाटते की ती आपलीच वाट पाहते आहे. पेन्सिलीच्या कागदावर तिला आपल्याकडे पाहावयास सवड नव्हती.

असे का व्हावे? एक कारण बाजाराचे. तैलचित्र विकत घेणारा व्यापारी किंवा जहाजाचा अधिकारी मायदेशी परतताना आठवण म्हणून ते नेई. त्याला रम्य पूर्व हवी होती. दुसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते टाळून चालणार नाही. परदेशी पुरुषांची बंदरातील होडीवाल्या स्त्रियांकडे पाहण्याची दृष्टी निर्मळ नव्हती. यांतील काही स्त्रिया परदेशी पुरुषांच्या आश्रयाने राहत. त्यात गरज किती आणि निवड किती, हे बाहेरच्याने ठरवणे कठीण. हसणाऱ्या होडीवालीच्या चित्रात हीही नजर मिसळलेली आहे. चिनरी तिच्यापासून मुक्त होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणेन की वल्ह्याचा तोल पकडताना त्याला त्या नजरेचा विसर पडे. काम समजून घ्यावयाचे असेल तर माणसाला काम करणाऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहावेच लागते.

रेखाटनांची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यांत खेपेचे भाडे किती ते नाही. वादळात होडी गेली तर पुढे काय, ते नाही. बहुतेक कागदांवर त्या स्त्रीचे नावही नाही. रेघ बरोबर की चूक याची नोंद आहे, माणूस कोण याची नाही. या लोकांना स्वतःचे म्हणणे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. १८४६ साली गव्हर्नर फेरैरा दो आमाराल याने मकावातील होड्यांवर नवा कर बसवला, तेव्हा ऑक्टोबर महिन्यात होडीवाल्यांनी उठाव केला. तो बळाने मोडून काढण्यात आला. चिनरीच्या कागदांवर शांतपणे झुलणारी ती वल्ही एका करार नसलेल्या, संरक्षण नसलेल्या व्यवसायाची होती, हे त्या घटनेवरून कळते. आणि १८४२नंतर हाँगकाँग इंग्रजांकडे गेल्यावर व्यापार तिकडे सरकला, तसा मकावच्या धक्क्यावरचा उताराही ओसरत गेला. चिनरीची अखेरची वर्षे आणि या होड्यांची उतरती कळा एकाच सुमारास आली.

आज ही रेखाटने जगभर विखुरलेली आहेत. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, अमेरिकेतील सेलमचे पीबॉडी एसेक्स संग्रहालय, टोकियोचे तोयो बुंको ग्रंथालय येथे त्यांचे संच आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होडीवाले बहुतांशी किनाऱ्यावर वसले. होड्यांवरचे ते जीवन आता जवळजवळ संपले आहे. मागचे वल्हे कसे धरत, उभे कसे राहत, मूल पाठीशी कसे बांधत, हे पाहावयाचे तर या कागदांकडेच जावे लागते. ज्यांना किरकोळ मानले, त्या कागदांनी जे जपले ते भव्य तैलचित्रांना जपता आले नाही.

श्रोतेहो, या विषयाचा आपल्याला उपयोग काय, असा प्रश्न मनात येणे रास्त आहे. पाण्याकाठी राबणाऱ्या स्त्रिया आपल्या गोमंतकातही आहेत. ओहोटीच्या वेळी जुवारीच्या पात्रात तिसऱ्या वेचणाऱ्या, मिठागरात कमरेतून वाकून मीठ ओढणाऱ्या, पहाटे माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आणि पर्यटनाच्या जाहिरातीत त्याही हसत उभ्या असतात, आणि त्यांची पाटी रिकामी की भरलेली हेही धड कळत नाही. गिल्पिनचा जुना नियम अजून मेलेला नाही.

म्हणून शाळेतील मुलामुलींना, विशेषतः चित्रकलेच्या वर्गातील विद्यार्थ्यांना, माझे एक सांगणे आहे. अशा एखाद्या स्त्रीचे रेखाटन कराल तेव्हा चेहऱ्याआधी तिचे पाय पाहा, हात पाहा, भार कोठे पडतो ते पाहा. रेघ चुकली तर पुन्हा काढा. एवढे चिनरीने केले. त्याने जे केले नाही तेही तुम्ही करा. तिच्याशी बोला, पाटी केवढी जड आहे आणि दिवसाअखेर हाती काय पडते ते विचारा, आणि तिची परवानगी घेऊन कागदाच्या खाली तिचे नाव लिहा. पावणेदोनशे वर्षांनंतर तो कागद कोणाच्या हाती पडला, तर कष्ट कसे होते हे त्याला कळेलच, पण ते कोणाचे होते हेही कळेल.